साळिंदराचें जलतरण

एखाद्या प्राण्याच्या अंगीं एकच ठळक विशेष असला म्हणजे त्याच्या इतर गुणांकडे माणसाचें लक्ष सहसा जात नाहीं. मोर म्हटला कीं पिसारा, हत्ती म्हटला कीं सोंड आणि साळिंदर म्हटलें कीं कांटे, येथेंच आपलें ज्ञान बहुधा थांबतें. हें साळिंदर पाण्यांत उत्तम पोहतें असें कोणीं सांगितलें तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटेल. अंगावर भाल्यांचें ओझें, पाय आंखूड आणि चाल जड. असा प्राणी डोहांत पडला तर तळालाच जावयाचा, असें सामान्य बुद्धि सांगते. परंतु सामान्य बुद्धीचें म्हणणें या ठिकाणीं खरें ठरत नाहीं. साळिंदर पोहतें, एवढेंच नव्हे तर कित्येक वेळां आपण होऊन पाण्यांत उतरतें. तें कसें पोहतें आणि मुळांत पाण्यांत उतरतेंच कां, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. पैकीं दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे, हें पुढें दिसून येईल.

आपल्या पूर्वजांचा या प्राण्याशीं परिचय फार जुना आहे. संस्कृतांत त्याला श्वाविध् आणि शल्य अथवा शल्यक अशीं नांवें आहेत. श्वाविध् म्हणजे कुत्र्याला विंधणारा. शिकारी कुत्रा या प्राण्यावर धांवून गेल्यावर त्याच्या तोंडाची काय दशा होते, हें ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें त्यानेंच हें नांव ठेविलें असलें पाहिजे. अमरकोशांत प्राण्याबरोबर त्याच्या कांट्यालाहि शलली, शलल आणि शल अशीं नांवें दिलेलीं आहेत. ज्या वस्तूला कोशकार तीन-तीन नांवें देतो ती वस्तु लोकांच्या वापरांतली असावी, आणि ती तशी होतीहि. गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयन संस्काराच्या वेळीं पतीनें पत्नीचा भांग ज्या वस्तूंनीं पाडावयाचा, त्यांत तीन ठिकाणीं पांढरी असलेली शलली, म्हणजे साळिंदराचा कांटा, सांगितला आहे. वाल्मीकिरामायणांत घायाळ झालेला वाली रामाला पांच नखांच्या भक्ष्य प्राण्यांची जी गणना ऐकवितो तींत शल्यक आणि श्वाविध् हीं दोन्ही नांवें येतात. आणि मीमांसकांनीं तर पंचनखांचें हें वचन परिसंख्याविधीचें ठराविक उदाहरणच करून टाकिलें आहे. याप्रमाणें कोश, संस्कार, काव्य आणि शास्त्र अशा चारी क्षेत्रांत या प्राण्याचा संचार आहे. पाण्यांत मात्र त्याला उतरविल्याचें माझ्या वाचनांतल्या कोणत्याहि संस्कृत ग्रंथांत आलेलें नाहीं.

पाश्चात्यांच्या जुन्या ग्रंथांतहि साळिंदराच्या कांट्यांचीच कथा अधिक. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल आणि रोमन ग्रंथकार प्लिनी या दोघांनींहि साळिंदर आपले कांटे बाणांप्रमाणें फेंकतें असें लिहून ठेविलें, आणि तो समज आपल्याकडील खेड्यापाड्यांतहि आढळतो. तो निखालस खोटा आहे. साळिंदराला कांटा फेंकतां येत नाहीं. तें शत्रूकडे पाठ करितें, कांटे उभारतें आणि शेंपटीचा तडाखा देतें किंवा मागें सरकून टोंचतें. कांट्याची मुळें कातड्यांत सैल बसविलेलीं असल्यामुळें स्पर्श होतांच कांटा सुटतो आणि शत्रूच्या अंगांत राहतो. दुरून पाहणाराला तो फेंकल्यासारखा वाटतो, एवढेंच.

पुढील विषय समजण्यासाठीं एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. जगांतल्या साळिंदरांचीं दोन अगदीं वेगळीं कुळें आहेत. आपल्या डोंगरांतलें साळिंदर, आफ्रिकेंतलें व इटलींतलें तुरेवालें साळिंदर, हीं सर्व जुन्या जगाच्या कुळांतलीं. तीं जमिनीवर वावरतात, बिळांत किंवा कपारींत राहतात आणि त्यांचे कांटे लांब व पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे असतात. अमेरिका खंडांतलीं साळिंदरें दुसऱ्या कुळांतलीं. तीं झाडांवर चढतात आणि त्यांचे कांटे आंखूड असून केंसांत दडलेले असतात. दोन्ही कुळें उंदीर-खारींच्या विशाल वर्गांतलीं खरीं, परंतु कांट्यांचें कवच प्रत्येकानें स्वतंत्रपणें कमाविलें आहे. एका सांकेतिक शब्दानें दोघांना साळिंदर म्हणणें म्हणजे वटवाघूळ आणि घुबड या दोघांना पंख आहेत म्हणून एका घरांत घालण्यासारखेंच थोडेंफार आहे.

पाण्यांतल्या वर्तनाचा उत्तम अभ्यास झाला आहे तो उत्तर अमेरिकेंतल्या साळिंदराचा. अलास्का व कॅनडापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत हा प्राणी आढळतो. त्याचें वजन साधारणतः ५ ते १४ किलोग्रॅम असतें. त्याच्या अंगावर सुमारें ३०,००० कांटे असतात आणि मोठ्यांत मोठा कांटा सुमारें १० सेंटिमीटर लांब भरतो. पाठ, कुशी आणि शेंपटी कांट्यांनीं भरलेलीं असतात. पोटावर मात्र कांटे नसून नुसते केंस असतात. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना पांच बळकट, वांकडीं नखें असतात व तळवे खरखरीत असतात. हे सर्व अवयव झाडावर चढण्याच्या सोयीचे आहेत. पाण्याच्या सोयीचें त्यांत कांहींच दिसत नाहीं. त्याच रानांत राहणाऱ्या बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या मागच्या पायांच्या बोटांमध्यें बदकाप्रमाणें पडदा असतो आणि त्याची चपटी शेंपटी सुकाणूचें काम करिते. साळिंदराजवळ ना पडदा, ना सुकाणू.

असें असूनहि तें पाण्यांत घाबरत नाहीं. कांठावरून तें सावकाश उतरतें आणि पाय टेंकेनासे झाले म्हणजे कुत्रा पोहतो त्याप्रमाणें चारी पाय आळीपाळीनें मारीत पुढें सरकतें. जमिनीवर चालण्याच्या ज्या हालचाली, त्याच पाण्यांत. निराळें शिक्षण त्याला लागत नाहीं. नाक आणि डोळे पाण्याच्या वर राहतात, पाठीचा कांटेरी डोंगर अर्ध्याहून अधिक उघडा असतो आणि दुरून पाहणाराला एखादें गवताचें बेट वाहत चालल्यासारखा भास होतो. वेग अगदीं बेताचा. घाई हा गुण या प्राण्याला ठाऊकच नाहीं. ज्याच्या पाठीवर तीस हजार भाले आहेत त्यानें घाई कोणासाठीं करावी? बुडी मारणें मात्र त्याला साधत नाहीं. तें पोहतें तें पृष्ठभागावरून, आणि त्याचें कारण त्याच्या कांट्यांत व केंसांत आहे.

साळिंदराचा कांटा म्हणजे रूपांतर पावलेला केंसच होय. आपलीं नखें ज्या द्रव्याचीं बनलीं आहेत त्याच केराटिन नांवाच्या द्रव्याचें कांट्याचें बाह्य आवरण असतें. तें पातळ पण कणखर असतें. आंत मात्र भरीव गाभा नसून स्पंजासारखा, हवेनें भरलेल्या लहान लहान कप्प्यांचा भेंडासारखा पदार्थ असतो. त्यामुळें कांटा लांकडाच्या काडीपेक्षां पुष्कळच हलका असतो आणि पाण्यावर तरंगतो. ही गोष्ट मासे धरणाऱ्या लोकांना शास्त्रज्ञांच्या आधींपासून ठाऊक होती. इंग्लंडांत गळ टाकून मासे धरणारे लोक साळिंदराचा कांटा दोरीला तरंगता खुंट म्हणून बांधीत. मासा गळाला लागला कीं कांटा खालीं ओढला जाई आणि धरणाराला वर्दी मिळे. सिंहलद्वीपांतल्या कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकांत याच कांट्यांच्या सुंदर पेट्या बनविल्या. त्यांचें हलकेपण हातांत धरल्याबरोबर कळतें.

यावरून पुष्कळ ग्रंथांत असें लिहिलेलें आढळतें कीं, पोकळ कांट्यांमुळें साळिंदर तरंगतें. हें विधान खरें आहे, परंतु अर्धेंच. आणि त्याची फोड आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकलेल्या कोणत्याहि विद्यार्थ्याला करितां येण्यासारखी आहे. पदार्थ जेवढें पाणी बाजूला सारतो तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोरानें पाणी त्याला वर लोटतें. ८ किलोग्रॅम वजनाच्या साळिंदराला तरंगण्यासाठीं ८ लिटर पाणी बाजूला सारावें लागेल. आतां हें काम पाण्यांत बुडालेला भागच करूं शकतो. पाठीवरचे जे कांटे पाण्याच्या वर उभे आहेत ते प्राण्याला तिळमात्र उचलून धरीत नाहींत. उलट त्यांचें वजन, थोडें कां होईना, खालच्या भागाला वाहावें लागतें. उपयोगी पडतात ते कुशींचे, कमरेचे आणि शेंपटीचे, म्हणजे जलरेषेखालीं गेलेले कांटे. त्यांच्या जोडीला कांट्यांखालच्या दाट लोंकरींत अडकून राहिलेली हवा असते. शिवाय बहुतेक चतुष्पाद प्राण्यांचें शरीर फुफ्फुसांतल्या हवेमुळें पाण्याहून किंचित् हलकेंच असतें. तात्पर्य, साळिंदर केवळ कांट्यांमुळें तरंगतें असें नव्हे. तें एऱ्हवींहि तरंगलें असतें, पण जेमतेम. कांट्यांमुळें तें आरामांत तरंगतें, आणि पाय मारण्याची शक्ति अंग सांवरण्यांत खर्च न होतां पुढें जाण्याकडे लागते.

येथें सृष्टीची काटकसर पाहण्यासारखी आहे. कांटा पोकळ झाला तो पोहण्यासाठीं नव्हे. तीस हजार भरीव कांटे घेऊन झाडाच्या शेंड्यावर चढणें अशक्य झालें असतें. म्हणून तो हलका असणें अवश्य होतें. हलकेपण चढण्यासाठीं आलें आणि पोहण्यालाहि उपयोगीं पडलें. त्याच कांट्यावर एक स्निग्ध लेप असतो. उल्डिस रोझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० मध्यें असें दाखवून दिलें कीं, या लेपांतल्या मेदाम्लांत जंतूंची वाढ थांबविण्याचा गुण आहे. शत्रूच्या अंगांत शिरणारा कांटा जंतुनाशक असण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हा प्राणी कोंवळ्या पाल्याच्या लोभानें बारीक फांदीच्या टोंकापर्यंत जातो, फांदी मोडते, तो खालीं पडतो आणि पुष्कळदां स्वतःचेच कांटे स्वतःला टोंचून घेतो. औषध आहे तें शत्रूसाठीं नव्हे, आपल्यासाठीं!

आतां दुसऱ्या आणि मुख्य प्रश्नाकडे वळूं. झाडावर राहणारा, आळसावलेला, निशाचर प्राणी थंड तळ्यांत उतरण्याचे श्रम कां घेतो? स्नानाची हौस म्हणावी तर तसें कांहीं दिसत नाहीं. तो उतरतो तो भुकेपोटीं; परंतु ही भूक अन्नाची नसून मिठाची आहे.

साळिंदर संपूर्ण शाकाहारी. हिवाळ्यांत झाडांची आंतरसाल आणि सूचिपर्णी वृक्षांचीं पानें खाऊन तें दिवस काढतें. वसंतांत मेपलसारख्या वृक्षांच्या कळ्या आणि कोंवळीं पानें त्याला मिळतात. आतां वनस्पतींच्या शरीरांत पोटॅशियम भरपूर असतें, पण सोडियम अत्यल्प. प्राण्यांच्या रक्ताला, स्नायूंना आणि ज्ञानतंतूंना सोडियमवांचून चालत नाहीं. वसंतांतल्या कोंवळ्या पाल्यांत तर पोटॅशियमची रेलचेल असते. तें अधिक झालेलें पोटॅशियम मूत्रपिंडांना बाहेर टाकावें लागतें, आणि तें टाकतांना जवळचें थोडकें सोडियमहि त्याबरोबर जातें. म्हणजे ज्या ऋतूंत पोट भरतें त्याच ऋतूंत मिठाचें दारिद्र्य येतें. त्याच दिवसांत मादीला पिलासाठीं दूध उत्पन्न करावयाचें असतें, आणि तेंहि सोडियमवांचून होत नाहीं. समुद्रापासून दूर असलेल्या डोंगराळ रानांत, जेथें पावसानें जमिनींतले क्षार धुवून नेलेले असतात, तेथें हें मीठ आणावें कोठून?

तें तळ्यांत असतें. पाणवनस्पतींनीं, विशेषतः पिवळ्या कुमुदिनीसारख्या वनस्पतींनीं, आपल्या पानांत व देंठांत सोडियम सांठविलेलें असतें, आणि त्याचें प्रमाण जमिनीवरच्या झाडपाल्याच्या कितीतरी पट असतें. याचा उत्तम पुरावा सुपीरियर सरोवरांतल्या आयल रॉयल नांवाच्या बेटावर मिळाला. तेथें मूस नांवाचीं प्रचंड सांबरें उन्हाळ्यांत गळ्याइतक्या पाण्यांत उभीं राहून पाणवनस्पति खातात. डॅनिएल बॉटकिन, पीटर जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७३ मध्यें हिशेब मांडून दाखविलें कीं, या मूसांची सोडियमची गरज जमिनीवरच्या पाल्यानें भागणें शक्य नाहीं. ती तळ्यांतूनच भागते. जें मूसाला चालून मिळतें तें साळिंदराला पोहून मिळवावें लागतें, कारण त्याचे पाय तळाला पोंचत नाहींत. म्हणून तें कुमुदिनीच्या पानांपर्यंत पोहत जातें, तीं खातें आणि परत येतें. रानांतल्या इतर मिठागरांप्रमाणें तें तळें हेंहि त्याचें मिठागरच होय.

या लवणक्षुधेचा सर्वांत चिकाटीचा अभ्यास वर उल्लेखिलेल्या उल्डिस रोझे यांनीं केला. न्यू यॉर्क शहरांतल्या क्वीन्स कॉलेजांत ते जीवशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्या राज्यांतल्या कॅट्सकिल डोंगरांत त्यांनीं अनेक वर्षें साळिंदरांच्या मागें रात्री घालविल्या. १९८९ मध्यें त्यांनीं या प्राण्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. साळिंदरें माणसांच्या वस्त्यांत शिरून ज्या चमत्कारिक वस्तु कुरतडतात त्यांचा उलगडा या अभ्यासानें झाला. रानांतल्या लांकडी झोंपड्या, शौचकूपांच्या फळ्या, प्लायवूड, कुऱ्हाडींचे दांडे, नावांचीं वल्हीं आणि घोड्यांचीं खोगिरें हें त्यांचें आवडतें खाद्य. लोकांना हा खोडसाळपणा वाटे. परंतु दांड्यावर आणि वल्ह्यावर माणसाच्या तळहाताचा घाम मुरलेला असतो, फळीवर मूत्राचे क्षार असतात आणि प्लायवूडच्या सरसांत सोडियमचीं लवणें असतात. साळिंदर लांकूड खात नसून माणसाचें मीठ खात होतें.

येथवरची कथा कौतुकाची झाली. पुढची तशी नाहीं. शीतप्रदेशांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ सांचतें, आणि मोटारी घसरूं नयेत म्हणून तें वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात. बर्फ गेलें तरी मीठ रस्त्याच्या कडेला राहतें. मिठासाठीं वखवखलेल्या साळिंदराला कुमुदिनीच्या पानांसाठीं थंड पाण्यांत उतरण्यापेक्षां हें आयतें मीठ चाटणें सोपें वाटतें. तें रात्रीं रस्त्यावर येतें. मोटार आली म्हणजे तें पळत नाहीं. लक्षावधि वर्षें जो उपाय लांडग्यापुढें आणि वनमांजरापुढें चालला तोच करितें. पाठ फिरवितें, कांटे उभारतें आणि स्थिर उभें राहतें. मोटारीला त्या कांट्यांची काय मातब्बरी? अशीं साळिंदरें रस्त्यांवर पुष्कळ मरतात. मादी सुमारें सात महिने गर्भ वाहून वर्षाला एकच पिलूं देते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या हानीची भरपाई किती संथपणें होत असेल याची कल्पना येईल. उंदराचें नुकसान महिन्यांत भरून निघतें. साळिंदर उंदराच्या वर्गांतलें असलें तरी त्याचा संसार उंदराचा नव्हे.

आपल्या इकडच्या साळिंदराची गोष्ट या दृष्टीनें ताडून पाहण्यासारखी आहे. तेंहि वेळ पडल्यास पोहूं शकतें, परंतु कुमुदिनीसाठीं तळीं धुंडाळणें हा त्याचा क्रम नव्हे. तें ११ ते १८ किलोग्रॅम वजनाचें असून कंद, मुळें, धान्य व फळें खातें, आणि त्यापायीं शेतकऱ्यांचे शिव्याशाप घेतें. परंतु त्याच्या बिळाच्या तोंडाशीं पडलेल्या वस्तु पाहिल्या तर कुरतडलेलीं हाडें आणि हरणांचीं गळून पडलेलीं शिंगें दिसतात. शाकाहारी प्राण्याच्या घरीं हाडें कशासाठीं? तर केवळ झाडपाल्यानें न भागणारे चुना आणि फॉस्फरस हे खनिज पदार्थ मिळविण्यासाठीं. शिवाय सतत वाढणारे दांतहि त्यांवर झिजतात. अमेरिकेंतलें साळिंदर मिठासाठीं पाण्यांत उतरतें, आपलें साळिंदर क्षारांसाठीं स्मशान धुंडाळतें. कुळें निराळीं, पण उणीव एकाच जातीची. आपल्याकडे त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, त्यामुळें कांट्यांसाठीं किंवा मांसासाठीं त्याची शिकार करणें हा गुन्हा आहे. शललीचें धार्मिक महत्त्व जाणणाऱ्या कुटुंबांनीं तर हें आवर्जून ध्यानांत ठेवावें.

अमेरिकेंतल्या साळिंदरांचा पाण्याशीं संबंध आजच्या तळ्यांपुरताच नाहीं. दक्षिण अमेरिकेंत या सबंध वर्गाचे सर्वांत जुने अवशेष पेरू देशांत सांपडले असून ते सुमारें ४ कोटि १० लाख वर्षांपूर्वींचे आहेत. त्या काळीं तो खंड आफ्रिकेपासून समुद्रानें विलग झालेला होता. तेव्हां त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून, पुरानें उखडलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून, आजच्यापेक्षां अरुंद असलेला अटलांटिक ओलांडून आले असावे, असें आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढें पनामाची भूमि जोडली गेल्यावर, सुमारें ३० लाख वर्षांपूर्वीं, त्यांच्यांतलीं कांहीं उत्तरेकडे सरकलीं. ज्याच्या पूर्वजांना समुद्रानें नव्या खंडावर नेऊन सोडलें, त्याच्या वंशजानें तळें ओलांडावें यांत नवल मानण्याचें कारण नाहीं.

साळिंदर पोहतें ही गंमत म्हणून सांगण्यासारखी गोष्ट आहे. परंतु तें कां पोहतें हें कळलें म्हणजे गंमत मागें पडते. प्राणी ज्या ठिकाणीं अनपेक्षितपणें दिसतो त्या ठिकाणीं त्याला कोणती तरी गरज घेऊन आलेली असते, मग तें ठिकाण तळें असो, झोंपडी असो वा रस्ता असो. ती गरज ओळखल्यावांचून आपण त्याला मूर्ख किंवा उपद्रवी ठरवितों. मिठाला जागणें ही आपल्याकडे माणसाची कसोटी मानिली आहे. रस्त्यावर मीठ आपण टाकलें. तें खावयास येणाऱ्या मुक्या जीवाला रात्रीच्या वेळीं गाडी थोडी हळू हांकून वाट देणें, एवढें तरी त्या मिठाचें ऋण आपल्याकडे निघतें.